दोन वर्षांची फेलोशिप, सात वर्षांची सुपारी

"डॉक्टर आहेत का?"

श्रीवर्धनमधली आमची तिसरी सकाळ. साडेसात वाजलेले. मी टी-शर्ट आणि बर्म्युडामध्ये, अर्धवट झोपेत दार उघडून उभा. समोर पायरीवर एक आजोबा. एक हात भिंतीवर, दुसरा गुडघ्यावर.

"आहेत की. पण त्या..."

"त्या? म्हणजे तुम्ही नाही डॉक्टर?"

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझा अख्खा बायोडेटा त्या एका नजरेत वाचून त्यांनी बाजूला ठेवला, असं मला वाटलं. तेवढ्यात बायको बाहेर आली आणि समजावून सांगायला लागली, की ती डॉक्टर आहे, पण औषधं देणारी नाही.

"मग गुरांच्या का?"

"नाही हो आजोबा. पाण्याची."

आजोबा विचारात पडले. गुडघा विसरले. "पाण्याला काय झालंय?"

"तेच बघायला आलेय," बायको म्हणाली.

"मग आमच्या विहिरीचं पण बघा एकदा," असं म्हणून आजोबा निघाले. जाताना मात्र वळून त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

या साध्या प्रश्नाचं धड उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली.

प्रोबेशननंतरचं प्रोबेशन

आधी पोस्टडॉक म्हणजे काय ते सांगतो, कारण लग्नाआधी मलाही माहीत नव्हतं. आपला समज असा, की पीएचडी झाली म्हणजे माणूस सुटला. नावाआधी 'डॉक्टर' लागलं, आता पर्मनंट नोकरी, पीएफ आणि होम लोन. प्रत्यक्षात पीएचडी आणि पर्मनंट नोकरी यांच्यामध्ये एक लांबलचक प्लॅटफॉर्म असतो. त्यावर अत्यंत हुशार माणसं बॅगा घेऊन उभी असतात आणि गाडी कधी येणार ते कुणीच सांगत नाही. या प्लॅटफॉर्मचं नाव पोस्टडॉक. तुमच्या-आमच्या भाषेत, प्रोबेशननंतरचं प्रोबेशन.

केंद्र सरकारची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप घेतली, तर मुदत दोन वर्षं. एखाद्या प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट म्हणून लागलात, तर प्रोजेक्ट असेल तोवर. १ जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटचं मानधन महिन्याला ५८ हजार ते ६७ हजार रुपये झालं, घरभाडं वेगळं. कागदावर काहीच वाईट नाही. पण कागद आणि बँक यांच्यामध्ये अकाउंट्स सेक्शन असतं. बायकोच्या संस्थेचं नाव मी इथे देत नाही, कारण पहिलं मानधन पाचव्या महिन्यात जमा झालं, हे मला लिहायचंय. 'फाइल पुटअप केली आहे' हे वाक्य आमच्या घरात त्या पाच महिन्यांत 'गुड मॉर्निंग'पेक्षा जास्त वेळा उच्चारलं गेलं.

संस्था किनारपट्टीवर काम करते. हेड ऑफिस लांब. बायकोचं काम मात्र होतं श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधल्या विहिरींवर. समुद्राजवळच्या विहिरींमध्ये खारं पाणी कधी, कुठे आणि किती शिरतं, हा तिचा विषय. महिन्याला एकदा येऊन नमुने नेले असते तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "विहिरींच्या शेजारी राहिल्याशिवाय विहिरी कळणार नाहीत." २०२३ च्या जूनमध्ये आम्ही मुंबईतला वन-बीएचके सोडला.

प्रतिक्रिया ठरल्याप्रमाणे आल्या. मित्रमंडळी: "वॉव, सी-फेसिंग! विकेंडला आलोच." सासूबाई: "सहा वर्षं पीएचडी करून श्रीवर्धन? लोक तिथून मुंबईला येतात गं." आणि माझी आई, फोनवर, आवाज खाली आणून: "तिचं ठीक आहे. तू तिथे काय करणार?"

सासूबाईंचं म्हणणं इतिहासाला धरूनच होतं. कोकणातला माणूस मोठा होतो तो गाव सोडल्यावर. १७१३ मध्ये पेशवेपद मिळवलेला बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचाच. पण तो पेशवा झाला तो घाटावर गेल्यानंतर. म्हणजे श्रीवर्धनचा सगळ्यात यशस्वी माणूससुद्धा श्रीवर्धन सोडल्यावर यशस्वी झाला. आणि आम्ही उलट्या दिशेने, दोन सुटकेसेस, एक मिक्सर आणि एक कंडक्टिव्हिटी मीटर घेऊन, माणगाव-म्हसळा रस्त्यावरच्या लालपरीत वळणं मोजत बसलो होतो.

फ्रिजमधली विहीर

घर मिळालं काकूंच्या वाडीत. श्रीवर्धनची रचना सोपी आहे. आधी समुद्र, मग वाळू, मग सुरूची झाडं, मग वाड्या आणि मग रस्त्याच्या कडेला घरं. प्रत्येक घराच्या मागे लांबलचक वाडी, त्यात माड, पोफळी, केळी, अधूनमधून जायफळ, पोफळीच्या खोडावर चढवलेली मिरी. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. मास कम्युनिकेशनला शिकवत नाहीत.

बायकोची लॅब म्हणजे मागच्या पडवीतलं एक टेबल. कायमचे सॅम्पल्स ठेवायला वेगळा फ्रिज मंजूर होता, पण तोही कुठल्या तरी टेबलवर 'पुटअप' होता. त्यामुळे आमच्या घरच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात दूध आणि बांगडे, खालच्या कप्प्यात विहिरी. प्रत्येक बाटलीवर नंबर. पहिल्या मे महिन्यात मुंबईचा एक मित्र विकेंडला आला आणि रात्री तहान लागली म्हणून विहीर क्रमांक १४ पिऊन टाकली. सकाळी म्हणाला, "तुमच्याकडचं पाणी जरा खारट आहे ना?" बायकोचा एका महिन्याचा डेटा गेला, पण आख्ख्या प्रोजेक्टचा सारांश इतक्या कमी शब्दांत अजून कुणी सांगितलेला नाही.

मला हे विज्ञान समजलं ते असं. किनाऱ्याजवळ जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते किंचित हलकं असतं. त्याचा हिशेब बॅडन घायबेन नावाच्या डच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडला आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन माणसाने स्वतंत्रपणे पुन्हा मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. आता गंमत बघा. उपसा करून ती वरची पातळी नुसती अर्धा फूट खाली आणली, तर खालून खारं पाणी या हिशेबाने वीस फूट वर सरकतं. वर दिसतं अर्धा फूट, खाली हललेलं असतं वीस फूट. (मला हे ऐकून आमचं त्या पाच महिन्यांतलं सेव्हिंग्ज अकाउंट आठवलं.)

पूर्वी विहिरींवर रहाट होते. बैल गोल फिरणार, पाणी हळूहळू वर येणार, पाटाने झाडांच्या आळ्यात जाणार. मग पंप आले. शेजारचे एक बागायतदार यावर जे म्हणाले ते बायकोने डायरीत लिहून ठेवलंय: "बैल दमायचा हो. पंप दमत नाही."

"तुम्ही किती वर्षं आहात?"

विहिरी मोजायच्या तर लोकांच्या वाडीत जायला हवं. पहिले दोन महिने बायको जिथे गेली तिथे तिला एकच प्रश्न आला, "पंचनाम्याचं काय झालं?" हातात फाइल, पायात बूट आणि गळ्यात आयकार्ड, म्हणजे सरकारी माणूस. आणि श्रीवर्धनमध्ये सरकारी माणूस म्हटला की विषय एकच. वादळ.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा, झोत १२० चे. आपण तेव्हा मुंबईत लॉकडाउनमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो आणि वादळ मुंबईला चुकलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला होता. ते चुकलं नव्हतं, इथे आलं होतं. काकू सांगतात, आवाज पहिल्यांदा पत्र्यांचा आला, मग झाडांचा. पोफळी काडकन मोडत नव्हत्या म्हणे, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा रांगेने आडव्या होत होत्या. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर वाडीच्या जागी समुद्र दिसला. "एवढी वर्षं समुद्राची गाज ऐकत होतो," काकू म्हणाल्या, "पण मागच्या पडवीतून समुद्र बघितला तो त्या दिवशी."

मी आल्या आल्या त्याच पडवीचा फोटो टाकला होता, 'सी व्ह्यू फ्रॉम माय न्यू ऑफिस' म्हणून. दीडशे लाइक्स. काकूंचं हे वाक्य ऐकल्यावर तो काढून टाकला.

वादळानंतर मदत जाहीर झाली ती आधी हेक्टरी. पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. आणि एका गुंठ्यात माड, पोफळ, केळ, मिरी, जायफळ असं सगळं एकात एक. मग आरडाओरड झाली आणि त्याच वर्षी झाडागणिक मदत ठरली. नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. एका पोफळीला पन्नास. मुंबईत माझा कॉफीचा एक कप याच्या तिप्पट होता.

अशा लोकांकडे बायको मीटर घेऊन जात होती. एका वाडीत, एक वयस्क बागायतदार तिला शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"दोन."

"मग काय उपयोग? दोन वर्षांत पोफळीला खोडसुद्धा धरत नाही. तुमच्यासारखे येतात, लिहून नेतात. परत कोण येतं?"

त्या रात्री ती जेवली नाही. मला वाटलं, अपमान झाला म्हणून. ती म्हणाली, "अपमान नाही रे. त्यांचं गणित बरोबर आहे."

गणित असं. सुपारीचं बी रुजायला दीड-दोन महिने. मग रोप पिशवीत वर्ष-दीड वर्ष. मग वाडीत लावायचं आणि पहिल्या सुपारीची वाट बघायची. सगळं धरून सहा-सात वर्षं. पण एकदा धरलं, की पोफळ माणसाच्या अख्ख्या आयुष्याला पुरते. आणि त्यातही मेख आहे. पोफळीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. त्याला मोठ्या झाडांची सावली लागते. एरवी जुनी वाडीच ती देते. पण जुनी वाडीच आडवी झाली, तर आधी केळी लावा, केळीच्या सावलीत पोफळ लावा, उन्हाळाभर पाणी द्या. आणि ते पाणी गोडं हवं. माड खारं पाणी बरंच सोसतो, पोफळ तेवढी नाही. म्हणजे वादळात गेलेली वाडी परत येणार की नाही, हे शेवटी विहिरीवर येऊन थांबतं. आणि विहीर कशी बदलतेय हे कळायला एक-दोन उन्हाळे पुरत नाहीत.

झाड सात वर्षांचं, विहिरीचा अभ्यास दहा वर्षांचा, आणि माणूस दोन वर्षांचा. हे कसं जमवायचं?

बायकोने पुढच्या महिन्यात एक छोटी गोष्ट केली. संस्थेच्या कुठल्याही नियमात नसलेली. प्रत्येक विहिरीसाठी तिने एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं. तारीख, पाण्याची पातळी, मीटरचं रीडिंग आणि मराठीत एक शब्द: गोडं, मचूळ किंवा खारं. प्लॅस्टिकमध्ये घालून ते पंपाच्या खोपटात खिळ्याला अडकवलं. दर महिन्याला नवी ओळ. वाडीतून लिहून न्यायचं ते आधी वाडीत लिहून ठेवायचं, एवढंच.

त्या बागायतदारांनी पहिलं कार्ड पाहून काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "मागच्यापेक्षा वाढलं की." तिसऱ्या महिन्यात ती दोन दिवस उशिरा गेली, तर फोन आला, "मॅडम, या महिन्याचं राहिलं."

या कामाची ओळख करून द्यायला इथे आधीपासून एक दार उघडं होतं, हेही सांगायला हवं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. त्याचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनमध्येच आहे आणि 'श्रीवर्धनी' ही सुपारीची जात याच केंद्राची. म्हणजे या गावाला संशोधक नवे नाहीत. नवं असतं ते दोन वर्षांच्या कराराने येणारं माणूस. त्यालाच जरा सावली लागते.

मी काय करतो?

आता माझ्याकडे येतो. फ्रीलान्स जर्नलिस्ट म्हणजे काय, हे मुंबईतसुद्धा लोकांना समजावावं लागतं. श्रीवर्धनमध्ये तर दुपारी बारा वाजता घरात सापडणारा तिशीच्या आतबाहेरचा पुरुष म्हणजे एक तर आजारी किंवा नोकरी गेलेला. आळीत माझ्याबद्दल दोन थिअरीज होत्या. एक, मला टीबी झाला होता आणि समुद्राच्या हवेला आणलं होतं. दोन, मी डॉक्टर मॅडमचा ड्रायव्हर. दुसरी थिअरी मी स्कूटरवर बायकोला मागे बसवून विहिरी-विहिरी फिरवायचो त्यावरून आलेली, आणि अगदीच चूक म्हणता येणार नाही.

तुम्हाला वाटेल, मी मॉडर्न नवरा, मला याने काय फरक पडतो? पडतो, बॉस! सांगायला आवडत नाही, पण पडतो. बायकोच्या बदलीमागे नवरा जातो, हे वाक्य पार्टीत ऐकायला छान वाटतं. पार्टी संपल्यावर, जुलैच्या पावसात, दोन दिवस लाइट नाही, लॅपटॉप बंद, एडिटरचा 'कॉपी कुठे आहे' असा मेसेज आणि नेटवर्कसाठी छत्री धरून रस्त्यावर उभा असलेला मी... तेव्हा ते वाक्य तितकंसं छान राहत नाही.

पहिल्या नोव्हेंबरमध्ये मला मुंबईत फुलटाइम नोकरीची ऑफर आली. चांगला पगार, चांगलं डेझिग्नेशन. बायकोचं मानधन तेव्हा नुकतंच सुरू झालेलं. आम्ही भांडलो. दबक्या आवाजात, कारण कौलारू घरात भिंती छपरापर्यंत जात नाहीत आणि पलीकडे काकू झोपतात. मी म्हणालो, "दोन वर्षांनी तुझं काय होणार हे तुलाच माहीत नाही. मग त्यासाठी माझं का थांबवायचं?" ती म्हणाली, "जा तू. मी राहते. पण मी परत येईन असं समजून जाऊ नकोस. मेमधल्या विहिरी मला मेमध्येच मोजायच्यात."

मी त्यांच्याकडे विचार करायला एक महिना मागितला. त्यांनी दोन आठवड्यांत दुसऱ्याला घेतलं. पुढे कित्येक दिवस मी सगळ्यांना सांगत होतो, की मी बायकोच्या करिअरसाठी नोकरी नाकारली. खरं म्हणजे मी काहीच ठरवलं नव्हतं. ते माझ्यासाठी ठरलं. हे बायकोजवळ कबूल करायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तिला माहीतच होतं म्हणा.

बदल झाला तो कुठल्याही साक्षात्काराने नाही. एका अर्जाने झाला. शेजारच्या ताईंच्या मीटरचं बिल चुकीचं आलं होतं. मी दुपारी रिकामा दिसलो म्हणून त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही लिहिता ना? मग एवढं लिहून द्या." दिलं. बिल दुरुस्त झालं. आठवड्याभरात चौघं आले. सातबाराचा अर्ज, पीकविम्याचा फॉर्म, मुलाच्या शाळेचं पत्र, होमस्टेच्या खोल्यांची इंग्लिशमधली जाहिरात. या शेवटच्यासाठी मला घसघशीत फी मिळाली, ओल्या नारळांच्या करंज्यांचा डबा. इतकी वर्षं मी जे लिहीत होतो ते वाचून कुणाचं बिल कमी झालं नव्हतं. आता आळीत कुणी नवखा विचारतो, तेव्हा काकू परस्पर सांगतात, "ती पाण्याची डॉक्टर आणि हा अर्ज लिहितो." माझ्या व्हिजिटिंग कार्डवर मी हे छापायच्या विचारात आहे.

मुदत संपल्यावर

२०२५ च्या जूनमध्ये दोन वर्षं पूर्ण झाली. त्याआधीचे सहा महिने घरात वेगळंच वातावरण होतं. पर्मनंट पोस्टच्या जाहिराती, अर्ज, इंटरव्ह्यू, 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म'चे मेल्स. तुमच्याकडे अप्रेजलच्या महिन्यात असतं ना, तसंच, फक्त इथे इन्क्रिमेंटच्या जागी 'नोकरी आहे की नाही' हा प्रश्न. शेवटी मुदतवाढ मिळाली, तीही ठरावीक काळाची. ती संपली की पुन्हा प्लॅटफॉर्म. कदाचित दुसरं शहर, कदाचित दुसरा देश. तिच्या बॅचमधले बरेचसे असेच आहेत, कुणी जर्मनीत, कुणी कोरियात, सगळे दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांवर.

निष्कर्ष काय निघाले, असं मला सगळे विचारतात. ते तिचे आहेत आणि तिच्या पेपरमध्ये येतील. मी सांगू शकतो ते एवढंच, की मीटर आता तिच्या एकटीच्या हातात नाही. काकूंची नात कॉलेजला जाते, बीएस्सीला. गेल्या वर्षापासून महिन्याचा अर्धा राउंड तीच करते. आजीच्या विहिरीपासून सुरुवात केली होती, आता आळीतल्या विहिरी तिला पाठ आहेत. रीडिंग आधी कार्डवर, मग वहीत. बायको म्हणते, "मी गेले तरी ओळी पुढे जातील. माझं नाव पेपरवर असेल. पण वही हिची."

सेटल होणं म्हणजे काय, याबद्दल आमच्या पिढीच्या कल्पना फार पक्क्या आहेत. स्वतःचं घर, पर्मनंट नोकरी, एका पत्त्यावर येणारी पत्रं. हे सगळं झालं की मग जीव लावायचा, असं आपण ठरवून टाकलेलं असतं. भाड्याच्या घरात खिळा ठोकत नाही आपण. कॉन्ट्रॅक्टच्या नोकरीत टेबलावर झाड ठेवत नाही. मीही मुंबईच्या त्या वन-बीएचकेमध्ये तीन वर्षं पडदे न लावता राहिलो होतो, 'कायमचं थोडीच राहायचंय' म्हणून. आणि इथे पासष्टी ओलांडलेली माणसं वादळानंतरच्या पावसाळ्यात पोफळी लावत होती. सात वर्षांनी सुपारी खायला आपण असू की नाही, याचा हिशेब न करता. काकूंना मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "अरे, मी खाल्ली ती सुपारी काय मी लावली होती?"

जुलैमध्ये, बायकोचा पहिला करार संपल्यानंतर, आम्ही काकूंच्या वाडीत दोन पोफळी लावल्या. वादळात दोन झाडं गेली होती त्याच जागी, केळीच्या आडोशाला. खड्डे मी खणले. पाठ चार दिवस धरलेली होती. सुपारी धरेल तेव्हा २०३० उलटलेलं असेल. तेव्हा आम्ही कुठे असू, देव जाणे. पण पाणी कुणी घालायचं यावर काकूंच्या घरात आत्ताच पाळ्या ठरल्यात आणि आमच्या नावावर दर वर्षीची एक फेरी लिहून ठेवलीय.

परवा सकाळी पुन्हा दार वाजलं. साडेसातच. तेच आजोबा, तोच गुडघा. पण या वेळी हातात एक प्लॅस्टिकची बाटली, आत विहिरीचं पाणी.

"डॉक्टर आहेत का?"

मी आत वळून हाक मारली, "अगं, पेशंट आलाय!"

ती येईपर्यंत आजोबा पायरीवर टेकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही पण थांबा. एक अर्ज लिहायचाय."